आधी ऊन बघा, मग रोप आणा

नव्याने बाग लावणारे बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, "कोणती झाडं आणू?" मी त्यांना विचारते, "तुमच्याकडे ऊन कुठून येतं आणि किती वाजता जातं?" यावर बरेचसे गप्प होतात. ऊन आपण रोज बघतो, पण त्याची नोंद घेत नाही. मग कुंड्या येतात, माती येते, गांडूळखत येतं, मोगरा काही फुलत नाही, आणि "माझ्या हातून झाडं जगतच नाहीत" असं म्हणून माणूस बाग सोडून देतो. हे ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण दहापैकी आठ वेळा चूक हाताची नसते. रोप चुकीच्या जागी ठेवलेलं असतं किंवा चुकीच्या महिन्यात आणलेलं असतं.

पुण्यात चौथ्या मजल्यावर एक पूर्वेची आणि एक उत्तरेची बाल्कनी, शिवाय सोसायटीच्या गच्चीचा एक कोपरा एवढ्यात मी गेली सोळा वर्षं बाग करते आहे. पुढे लिहिलं आहे ते सगळं याच जागेतून आलं आहे. ज्यांची सुरुवात शून्यापासून आहे त्यांच्यासाठी क्रमाने सांगते.

पायरी पहिली: एक सुट्टीचा दिवस आणि एक खडू

आकाश मोकळं असेल असा रविवार निवडा. सकाळी बाल्कनीत ऊन शिरलं की फरशीवर उन्हाची कडा जिथे असेल तिथे खडूने रेघ ओढा आणि शेजारी वेळ लिहा. मग दर तासाला तेच करा. संध्याकाळपर्यंत फरशीवर तुमच्या उन्हाचा नकाशा तयार होतो. घरात लहान मूल असेल तर हे काम त्याच्याकडे द्या, ते तुमच्यापेक्षा नेमाने करेल.

मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा चकित झाले होते. पूर्वेच्या बाल्कनीत "सकाळभर ऊन असतं" असं मी सगळ्यांना सांगायचे. खडूच्या रेघांनी दाखवलं की पावणेसातला ऊन येतं, नऊला समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीची सावली येते, ती पाऊण तास तशीच बसते, मग पुन्हा ऊन, आणि अकराला ते कठड्याबाहेर जातं. म्हणजे हिशेबाने साडेतीन तास. गुलाब का रुसला होता ते त्या दिवशी कळलं.

आता तास मोजा. सहा तास किंवा त्याहून जास्त थेट ऊन असेल तर गुलाब, मोगरा, झेंडू, टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी, तुळस यातलं काहीही लावा. तीन ते पाच तासांत मेथी, पालक, कोथिंबीर, पुदिना, पानांचा ओवा चांगला होतो. जास्वंदही तग धरते, फक्त फुलं कमी देते. थेट ऊन नाही पण उजेड भरपूर आहे अशा जागी नेचे, मनी प्लांट, स्नेक प्लांट, पीस लिली आणि नागवेल. विड्याच्या पानांचा वेल दारात असावा अशी हौस आपल्याकडे पुष्कळांना असते, आणि तो भर उन्हात ठेवून जाळतातही पुष्कळजण. त्याला सावलीतला उजेडच मानवतो.

उजेडाच्या बाबतीत आपले डोळे आपल्याला फसवतात. भर दुपारच्या उघड्या उन्हात सुमारे १ लाख लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) प्रकाश असतो, आणि आपल्याला "छान उजेड आहे" असं वाटणाऱ्या दिवाणखान्यात तो काही शे लक्सच असतो. डोळा उजेडाशी जुळवून घेऊन फरक भरून काढतो, रोपाला ती सोय नाही. म्हणून हाताची सावली बघा. कुंडी ठेवायच्या जागी पांढरा कागद ठेवून त्यावर फूटभर उंचीवर हात धरा. बोटं स्वच्छ वेगळी दिसली तर ऊन चांगलं, सावलीचा नुसता धूसर गोळा दिसला तर मध्यम, आणि सावलीच पडली नाही तर तिथे फुलझाड ठेवू नका. रोप स्वतःही सांगतं. दोन पानांमधलं अंतर वाढून ते उंचाडलं, खिडकीकडे मान वळवून बसलं, तर त्याला उजेड कमी पडतो आहे. पानावर पांढरट, कागदासारखे कोरडे डाग आले तर ऊन जास्त झालं आहे.

पायरी दुसरी: दिशा ओळखा, पण महिन्यासकट

इथे जरा थांबून नीट समजून घ्या, कारण इंटरनेटवरचा बहुतेक सल्ला लंडन-न्यूयॉर्ककडच्या लोकांनी त्यांच्या आकाशासाठी दिलेला असतो. तिथे दुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेलाच असतो, त्यामुळे उत्तरेची बाजू म्हणजे जवळपास कायमची सावली. आपलं तसं नाही.

पुणे साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे, कर्कवृत्ताच्या बरंच खाली. त्यामुळे वर्षातून दोनदा भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पुण्यात हा शून्य सावलीचा दिवस १३-१४ मेच्या सुमारास येतो, आणि दुसऱ्यांदा जुलैच्या अखेरीस, तेव्हा मात्र तो ढगांमागे हरवतो. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य चक्क आपल्या उत्तरेला असतो. शिवाय २१ मार्चपासून २३ सप्टेंबरपर्यंत तो पूर्वेच्या थोडा उत्तरेकडून उगवतो आणि पश्चिमेच्या थोडा उत्तरेकडे मावळतो.

याचा अर्थ काय? उत्तरेच्या बाल्कनीत हिवाळ्यात एक किरणही येत नाही. एप्रिलपासून सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन शिरायला लागतं आणि मेमध्ये ते चांगलं आतपर्यंत येतं. जून उजाडला की पाऊस सुरू आणि ऊन बंद. म्हणजे उत्तरेच्या बाल्कनीला वर्षाचं जे काही ऊन मिळतं ते नेमकं सगळ्यात कडक दिवसांत मिळतं. माझ्या उत्तरेच्या बाल्कनीत नेच्यांच्या सहा कुंड्या डिसेंबरभर हिरव्यागार होत्या. "सावलीची जागा" म्हणून मी निर्धास्त राहिले. मे महिन्याच्या एका संध्याकाळी बघते तर सगळ्यांची टोकं तांबूस, हात लावला की चुरा होत होता. तेव्हापासून एप्रिल ते पावसापर्यंत तिथे जुनी सुती साडी बांधते.

दक्षिणेची बाल्कनी याच्या बरोबर उलट. डिसेंबरात दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर असतो, त्यामुळे नऊ फुटी छताच्या बाल्कनीत ऊन जवळपास आठ फूट आत येतं. तोच सूर्य मे महिन्यात छताच्या आड जातो. थंडीत ऊन आणि उन्हाळ्यात सावली, झाडाला आणखी काय हवं? तुमची बाल्कनी दक्षिणेची असेल तर तुम्ही नशीबवान आहात. फक्त कठडा भिंतीसारखा भरीव असेल तर त्याच्या मागे दोन-अडीच फूट सावली पडते, तिथे कुंड्या विटांवर किंवा स्टुलावर चढवा.

पूर्वेचं कोवळं ऊन नवशिक्याला सगळ्यात सोपं. पश्चिमेचं सगळ्यात अवघड, कारण दुपारी तीननंतरचं ऊन येतं तेव्हा हवा आणि भिंत दोन्ही तापलेल्या असतात. पश्चिमेला बोगनवेल, कण्हेर, सदाफुली, अडेनियम अशी चिवट मंडळी ठेवा.

खडूचा खेळ म्हणूनच एकदा करून भागत नाही. २१ डिसेंबर, २१ मार्च आणि मेचा मध्य अशा तीन दिवशी, वेगवेगळ्या रंगाच्या खडूंनी करा आणि फोटो काढून ठेवा. जूनच्या २१ तारखेची वाट बघू नका, त्या दिवशी बहुधा ढगच असतील.

पायरी तिसरी: वारा, स्लॅब आणि गाव

सातव्या-आठव्या मजल्यावर ऊन चांगलं असतं, पण वारा माती सुकवतो आणि पानं फाडतो. तिथे उंच, सडपातळ कुंड्या नकोत. गच्चीचा स्लॅब मेमध्ये अनवाणी पाय ठेवता येणार नाही इतका तापतो, आणि त्यावर ठेवलेल्या काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत मुळं शिजतात. कुंड्या विटांवर ठेवा, एकमेकींना चिकटवून ठेवा, शक्य तिथे मातीच्या घ्या. एसीच्या बाहेरच्या यंत्रासमोर काहीही ठेवू नका.

गावागणिक फरक पडतो. पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस, मुंबईत २००० मिलिमीटरच्या वर. कोकणात आणि गोव्यात त्याहूनही जास्त, त्यामुळे तिथे पाणी निचऱ्याची काळजी आधी. नागपूर-चंद्रपूरकडे मेमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तिथे मार्चच्या मध्यापासूनच शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी, हवं. मुंबईकरांना थंडी अशी फार मिळत नाही, म्हणून पुण्या-नाशिकसारखा गुलाब तिथे सहज येत नाही. मुंबईतल्या बागेने अनंत, सोनटक्का, हेलिकोनिया यांचं कौतुक करावं. जिथलं तिथे छान होतं.

पायरी चौथी: सुरुवात कधी करायची

परंपरेने म्हणाल तर मृग. पण कुंडीत बाग करणाऱ्या नवशिक्याला मी दसरा ते दिवाळी हा काळ सांगते. पाऊस ओसरलेला असतो, ऊन स्वच्छ असतं, रात्री गार व्हायला लागतात, रोग कमी असतात. पुढचे चार महिने हवामान तुमच्या बाजूने असतं. चूक झाली तरी रोप सावरायला वेळ देतं.

पाचच कुंड्या घ्या. एक तुळस, एक कढीपत्ता, एक पसरट कुंडी मेथी-कोथिंबिरीला, एक फुलझाड, एक सावलीतलं. मेथी पेरली की चौथ्या-पाचव्या दिवशी कोंब दिसतात आणि महिन्याभरात भाजी निघते. नव्या माणसाला या लवकर मिळणाऱ्या यशाची फार गरज असते. कोथिंबिरीसाठी धने हलके चोळून दोन फाकी करून पेरा आणि आठ-दहा दिवस धीर धरा. नुसती काळी माती कुंडीत भरू नका, ओली झाली की चिकट गोळा होतो आणि सुकली की भेगा पडतात. माती, शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समप्रमाणात घेऊन ओंजळभर निंबोळी पेंड घाला, एवढं पुरे.

फुलांनी डवरलेलं रोप दिसलं की लगेच घेऊ नका. पहिल्याच वर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी एका नर्सरीतून पिटुनियाची बारा रोपं आणली होती. पानापेक्षा फूल जास्त. एप्रिल लागला आणि एकेक करून सगळी करपली. कितीतरी दिवस मला वाटत राहिलं की माझंच पाणी चुकलं. पिटुनिया हे थंडीचं हंगामी फूल, त्याचं आयुष्यच संपत आलं होतं. विकणाऱ्याने ते सांगायला हवं होतं. तुम्ही मात्र विचारा, "हे अजून किती महिने चालेल?"

पायरी पाचवी: ऋतूबरोबर चाला

पावसाची नक्षत्रं माहीत असतील तर वर्षाचं कामाचं वेळापत्रक आपोआप डोक्यात बसतं. ही नक्षत्रं सूर्याची असतात. सूर्य एका नक्षत्रात १३-१४ दिवस राहतो, त्यामुळे आषाढ-श्रावण दरवर्षी मागेपुढे झाले तरी मृग ७-८ जूनलाच लागतो, आर्द्रा २१-२२ जूनला आणि हस्त सप्टेंबरच्या शेवटी. मुली पाटावर हत्तीचं चित्र मांडून हादगा खेळतात तो याच हस्ताचा. आपल्या आज्यांच्या बोलण्यात हवामानाचं अख्खं कॅलेंडर होतं, आपण ते बागेपुरतं तरी जपावं असं मला मनापासून वाटतं.

*उन्हाळा.* मार्च ते मृग. पाणी सकाळी आठच्या आत, मुळाशी, भरपूर. लहान कुंड्यांना संध्याकाळी पुन्हा. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी घाला. मातीवर वाळक्या पानांचा दोन-तीन इंच थर द्या. पाचोळा कुठून आणायचा हा प्रश्न पुण्यात पडू नये, फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्यावर तो हवा तेवढा असतो आणि लोक तो जाळतात. पोत्यात भरून घेऊन या. पन्नास टक्के ऊन अडवणारं हिरवं शेडनेट गच्चीवर बांधा. या दिवसांत छाटणी नको, नवी लागवड नको, जड खतही नको. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी कीड) आणि पानांमागे लाल कोळी दिसला तर आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, मग एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे चार थेंब घालून ऊन उतरल्यावर फवारा.

मोगरा मात्र याच उन्हात फुलतो, आणि त्याची तयारी थंडीत करावी लागते. डिसेंबरात पाणी तोडा, जानेवारीत निम्म्यावर छाटा, पानं काढा, खत द्या आणि मग पाणी सुरू करा. मार्च-एप्रिलमध्ये संध्याकाळी सातला कळ्या उमलायला लागतात. उन्हाळा अंगावर येतो तेव्हा मी ओंजळभर कळ्या माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवते.

मनाबद्दल इथेच बोलायला हवं. मे महिन्यात बाग करणाऱ्या माणसाला एक अपराधीपणा येतो. दोन दिवस गावाला गेलो आणि परत आल्यावर तीन कुंड्या वाळलेल्या. दुपारी गॅलरीकडे बघवत नाही. कित्येक जण बाग सोडतात ते याच महिन्यात. मी स्वतः चौथ्या वर्षी सोडायच्या बेतात होते. मग असं ठरवलं की मेमध्ये बाग वाढवायची नाही, फक्त जगवायची. निम्म्या कुंड्या सावलीला आणून ठेवायच्या, काही शेजारच्या काकूंकडे द्यायच्या, जे जातं ते जाऊ द्यायचं. अपेक्षा कमी केली की तोच मे महिना सुसह्य झाला.

*पाऊस.* पहिल्या सरीनंतर येणारा मातीचा वास ही आपल्या सगळ्यांची सामायिक आठवण. जमिनीतले सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात, त्याचा तो वास. त्या दिवशी शेडनेट काढा, कुंड्या पावसात ठेवा, आणि खुशाल भिजा.

पण लगेच दुसऱ्या दिवशी कामाला लागा. कुंड्यांखालच्या सगळ्या ताटल्या काढून टाका. साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास होतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. भोकं बुजली आहेत का बघा, सळईने मोकळी करा. गोगलगायी रात्री टॉर्च घेऊन वेचा. आठवडाभर सतत पाऊस लागला तर तुळस आणि कॅक्टस छपराखाली घ्या. वेलभाज्यांचा हाच हंगाम: दोडका, कारलं, पडवळ, काकडी. मोगरा, तगर, जास्वंद यांच्या फांद्या खोचा, हवेतल्या दमटपणामुळे त्या पटकन मुळं धरतात. दसऱ्याला घरचा झेंडू हवा असेल तर बी जुलैच्या मध्याला पेरा, म्हणजे साठ-सत्तर दिवसांनी फुलं बरोबर तोरणाला मिळतात.

जुलै हा माझा सगळ्यात जड महिना. दहा-दहा दिवस सूर्य दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल, आणि बागेत करायला काही नसतं. प्रकाश आणि मन यांचा संबंध आता वैद्यकशास्त्रही मानतं. १९८४ साली अमेरिकेत नॉर्मन रोझेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दर हिवाळ्यात येणाऱ्या आणि वसंतात जाणाऱ्या नैराश्याचं वर्णन केलं आणि तेजस्वी प्रकाशाने उपचार सुचवला. आपल्याकडे दिवस तेवढे लहान होत नाहीत, पण आषाढातला अंधार मला तरी जाणवतो. उपाय साधा आहे. ढगाळ असलं तरी बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यापेक्षा कितीतरी जास्त असतो, म्हणून सकाळचा चहा मी छत्री घेऊन का होईना गच्चीवर घेते. उदासी दोन आठवड्यांहून जास्त राहिली, झोप आणि भूक बिघडली, तर बागेवर विसंबू नका, डॉक्टरांना भेटा.

आणि याच अंधारात एक देणगी असते. ज्याला आपण घरोघरी ब्रह्मकमळ म्हणतो ते मूळचं मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचं निवडुंगाच्या कुळातलं झाड. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ वेगळं. पण आता ते आपलंच झालं आहे. उत्तरेच्या बाल्कनीतल्या गाळीव उजेडात ते सुखाने राहतं. पावसाळ्यात एखाद्या पानाच्या कडेवर गुलाबी देठाची कळी लोंबायला लागते, दिवसेंदिवस फुगते, आणि एका संध्याकाळी तिची मान वर उचललेली दिसते. ती खूण. त्या दिवशी मी मजल्यावरच्या सगळ्यांना निरोप देते. साडेआठला टोक सैल होतं, मग पाकळ्या थरथरत, डोळ्यांना दिसेल अशा उघडत जातात. अकराच्या सुमारास थाळीएवढं पांढरं फूल आणि आत केसरांचा झुपका, वास जिन्यापर्यंत. कोणी आरती ओवाळतं, कोणी फोटो काढतं, मुलं जागी असतात. पहाटे ते मिटून लोंबतं. बाहेर पाऊस कोसळत असतो आणि कोणालाही उदास वाटत नसतं.

श्रावणात ऊनपाऊस सुरू झाला की सोनटक्का, गौरींसाठी तेरडा, सकाळी प्राजक्ताचा सडा. यावर जास्त सांगायला नको, नुसतं बाहेर या.

*ऑक्टोबर.* ही हीट सगळ्यांना नकोशी, मला मात्र आवडते. आकाश धुतलेलं, माती अजून ओलसर, ऊन लख्ख, रोपं झपाट्याने वाढतात. कुंड्या बदला, जुनी माती उन्हात पसरून तापवा. कोजागिरीच्या आसपास गुलाब छाटा, रोगट फांद्या काढा, खत द्या, सहा-सात आठवड्यांत फुलं येतात.

*थंडी.* नोव्हेंबर ते फेब्रुवारी. टोमॅटो, घेवडा, मुळा, पालक, अॅस्टर, डेलिया. पाणी निम्म्यावर आणा. कढीपत्ता आणि मनी प्लांट थंडीत थांबतात, पिवळी पानं टाकतात. ते आजारी नसतात, त्यांना खत घालून उठवू नका. गुलाबाच्या पानांवर पीठ भुरभुरल्यासारखं दिसलं तर ती भुरी, पान भिजवणं बंद करा आणि हवा खेळती ठेवा. जानेवारीत पुण्यात एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन असतं, जरूर जा. आणि मनातला उत्साह ओळखा. या दिवसांत इतकं प्रसन्न वाटतं की पन्नास कुंड्या झेपतील असा विश्वास येतो. मेमध्ये जेवढ्यांना पाणी घालवेल तेवढ्याच घ्या.

पायरी सहावी: रात्रही मोजा

शेवंतीला फुलण्यासाठी लांब रात्र लागते. पुण्यात जूनचा मोठा दिवस सुमारे १३ तास १० मिनिटांचा, डिसेंबरचा लहान दिवस ११ तासांचा. फरक दोन तासांचाच, पण शेवंतीला तो पुरतो. दिवस लहान होऊ लागले की ती कळ्या धरते. फुलशेती करणारे याचा उपयोग उलट करतात, रात्री दिवे लावून फुलं लांबवतात. नाताळात लाल होणारा पॉइन्सेटियाही याच स्वभावाचा. तुमची शेवंती नुसती पानंच काढत असेल तर रात्री बाल्कनीत उभं राहून बघा, रस्त्यावरचा एलईडी दिवा थेट तिच्यावर पडतो का? माझ्या एका कुंडीचं हेच झालं होतं. ती आडोशाला सरकवली, आणि पुढच्या हंगामात कळ्या आल्या.

परदेशी राहणाऱ्यांसाठी थोडंसं

माझी धाकटी बहीण लंडनला असते. तिथे डिसेंबरात दिवस आठ तासांहूनही लहान आणि जूनमध्ये साडेसोळा तासांचा. तुळस आणि कढीपत्ता तिथे ऑक्टोबर ते एप्रिल घरातच, दक्षिणेच्या खिडकीत, गरज पडली तर रोपांच्या दिव्याखाली. हिवाळ्यात पाणी अगदी थोडं. उन्हाळ्यात मात्र तिची मेथी माझ्यापेक्षा चांगली येते, फक्त दिवस फार मोठा झाला की कोथिंबीर लवकर तुऱ्यावर जाते, म्हणून ती दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी पेरते. मेलबर्न-सिडनीकडे सूर्य उत्तरेकडून जातो, तिथे उत्तरेची खिडकी शोधा आणि इथले सगळे महिने सहाने पुढे सरकवा.

पायरी सातवी: वही

दोनशे पानी साधी वही पुरे. तारीख, ऊन, पाऊस, काय लावलं, काय गेलं, आणि एका ओळीत त्या दिवशी कसं वाटलं. ही शेवटची ओळ गाळू नका. तीन वर्षांच्या वह्या शेजारी ठेवल्या तेव्हा मला दिसलं की "आता बस झालं" हे वाक्य तिन्ही वर्षी मेच्या तिसऱ्या आठवड्यात लिहिलेलं आहे. आणि तिन्ही वर्षी त्यानंतर वीस-पंचवीस दिवसांत एक पान ओलं होऊन शाई फुटलेली आहे, त्यावर फक्त एवढंच वाचता येतं: "पाऊस. साडी काढली. नेच्याला नवा कोंब."